रविवारचं वाचन आणि आमचे योहानभाऊ

घरात पिशवीत पिशव्या साठतात ना, तसे आमच्या चर्चचे किस्से माझ्याकडे साठलेत. टाकवत नाहीत, आणि एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, चर्च म्हणजे मेणबत्त्या, शांतता आणि पांढऱ्या झग्यातले फादर. शांतता! एकदा रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन बसा म्हणावं.

मी सुशीला. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमच्या गावात दोन प्रकारच्या सिस्टर आहेत. एक कॉन्व्हेंटातल्या, त्या देवाच्या. दुसरी मी, इंजेक्शनची. म्हणून मला 'सुईवाली सिस्टर' म्हणतात. अर्ध्या गावाला मी टोचलेलं आहे, त्यामुळे मी बोलले की सहसा कुणी उलट बोलत नाही. नोकरीची पहिली वर्षं नाशकाकडे गेली, म्हणून माझी भाषा जराशी खिचडी झालीय. तेवढं चालवून घ्या.

आमचं चर्च चिखलीहून जीपनं अर्ध्या तासावर, मिशनच्या कंपाऊंडात. वर पत्रे, आत बाकं, बाहेर एक मोठा कडुलिंब. घरं थोडकी. रविवारच्या उपासनेला आम्ही मिस्सा म्हणतो. तो तासाभराचा, आणि मग कडुलिंबाखाली चहा, तो जीप येईपर्यंत. मिस्सात बायबलमधली वाचनं होतात. पहिली दोन आमच्यातलं कुणीतरी वाचतं, शेवटचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं, फादर वाचतात आणि त्यावर प्रवचन करतात. म्हणजे करायचे. आता करत नाहीत. त्याचीही एक गंमतच आहे.

* * *

फादर जोबी केरळचे. तरुण, उत्साही, दाढी एकदम कोरीव. आमच्याकडे यायच्या आधी कुठंतरी मराठीचा कोर्स करून आले होते. पहिल्याच रविवारी त्यांनी प्रवचन दिलं. "प्रिय श्रद्धावंत बंधुभगिनींनो, प्रस्तुत उताऱ्याच्या गर्भितार्थाकडे आपण दृष्टिक्षेप टाकूया," इथून जी गाडी सुटली ती थांबेचना. लोक इतके शांत बसले की मुंगी चालली तरी ऐकू यावं. फादर खूश!

मिस्सा संपल्यावर ते कडुलिंबाखाली आले. गयाबाई पुढे झाल्या. गयाबाई म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. दाखल्यावर नाव अ‍ॅग्नेस आहे, पण त्या नावानं हाक मारली तर त्या मागं वळून बघतात, कुणाला बोलावलं म्हणून. जन्म कापूस वेचण्यात गेला. त्यांनी फादरचे दोन्ही हात हातात घेतले आणि फार मायेनं म्हणाल्या, "लय चांगलं बोलले तुमी. आता पुढच्या रविवारी मराठीतून बोला."

फादर हसले खरे, पण आठवडाभर त्यांना झोप लागली नसावी. पुढच्या रविवारी शुभवर्तमान वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "मी बोलणार नाही. तुम्ही सांगा. ऐकून काय वाटलं?" असं आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच होत होतं. दोन रविवार कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या रविवारी योहानभाऊ उभे राहिले, आणि तिथून पुढे आम्हाला गप्प बसवणं फादरला आजतागायत जमलेलं नाही.

* * *

योहानभाऊ रिटायर्ड तलाठी. आख्खी नोकरी जमीन, वारस, धुरा-बांध आणि पंचनामा यांत गेली. आवाज भरदार, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. माणूस एकदम सरळ. कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, म्हणून सगळा तालुका त्यांना मानतो आणि थोडा टरकूनही असतो.

त्या दिवशी वाचनात पेरणाऱ्याचा दाखला होता, येशूनं सांगितलेली गोष्ट. एक माणूस पेरायला निघतो, काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत, आणि थोडं चांगल्या जमिनीत. योहानभाऊ उभे राहिले, चष्मा पुसला आणि विचारलं, की त्या माणसाच्या वावराची मोजणी झाली होती का?

फादर म्हणाले, तसं काही बायबलमध्ये लिहिलेलं नाही.

"थेच तं म्हनतो मी. बी वाटेवर पडलं म्हनजे वाट वावरातून गेली हाय. काट्यात पडलं म्हनजे शेजाऱ्यानं कुंपन आत सरकवलं. ह्या मानसाचं बी वाया नाही गेलं फादर, ह्याच्या जमिनीवर अतिक्रमन झालं हाय!"

फादरनी मोठ्या चिकाटीनं समजावलं, की बी म्हणजे देवाचा शब्द आणि जमीन म्हणजे आपलं मन. योहानभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. आणि बसता बसता म्हणाले, "हाव. पन मनाची का होईना, मोजनी पयले पाह्यजे."

* * *

द्राक्षमळ्याचा दाखला तुम्हाला ठाऊक असेल. मळ्याचा मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, दिवस मावळायला आला तरी लावतोच. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळचे कुरकुरतात. मालक म्हणतो, मी दिलदार आहे याचा तुम्हाला राग का?

फादरनी विचारलं, काय वाटलं? सगळे देवाच्या दयेबद्दल छान छान बोलले. मीसुद्धा बोलले. दवाखान्यात उशिरा आलेल्या पेशंटलाही तेच औषध मिळतं वगैरे. मला स्वतःलाच ते फार आवडलं होतं.

मग गयाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "मंग दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर कोन आलं?"

फादर पुस्तकात बघू लागले. पुस्तकात दुसरा दिवस नव्हता. त्या रविवारी पुढचं गाणं आम्ही जरा लवकरच सुरू केलं.

* * *

आता जे सांगायचं ते थोडं अवघड आहे, पण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

योहानभाऊ आणि मार्थावहिनींना एकच मुलगी, रेखा. ती माझ्याच हातावर जन्मली. पहिलं रडणं मी ऐकलंय तिचं, आणि काय आवाज होता! बापाचाच. शिकली, मेहकरला नोकरीला लागली आणि तिथल्याच एका शिक्षकाशी तिनं रजिस्टर लग्न केलं. मुलगा बौद्ध घरातला, स्वभावानं सोनं. पण चर्चमध्ये लग्न नाही, घरी विचारणं नाही. सगळ्या तालुक्याच्या वारसांची खबर असणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीचं लग्न चिखलीच्या स्टँडवर चहावाल्याकडून कळलं. "साहेब, पेढे कुठं आहेत?" असं त्यानं विचारलं म्हणे.

योहानभाऊंना मुलाच्या जातधर्मापेक्षा तो चहावाला जास्त लागला, असं माझं मत आहे. ते घरी आले ते दगड होऊनच. तेव्हापासून कुणी रेखाची चौकशी केली की एकच उत्तर. "कोन रेखा? मी ओळखत नाही." तिला मुलगी झाली, मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. मलाही तेच ऐकवलं. मला! मी त्याच पावली परत आले आणि रागानं दोन दिवस त्यांचं बीपी तपासायला गेले नाही.

मार्थावहिनी शांत बाई. आमच्याकडे मिस्सात एक वेळ अशी असते, की ज्याला वाटेल त्यानं आपली प्रार्थना मोठ्यानं म्हणायची आणि सगळ्यांनी "प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणायचं. वहिनी दर रविवारी एकच प्रार्थना म्हणतात, "प्रवासात असलेल्या सर्वांसाठी." प्रवासात कोण आहे ते बाकांनासुद्धा ठाऊक. सगळे जरा जास्तच जोरात म्हणायचो, प्रभो, आमची प्रार्थना ऐक. योहानभाऊही म्हणायचे. नियमाचा माणूस, प्रार्थना चुकवणार नाही.

एका रविवारी मात्र त्यांचा तोल गेला. वहिनींचं "प्रवासात असलेल्या" एवढं होतंय तोच ते समोर बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "इतक्या वर्साचा परवास? मेहकरले जायले एसटीले टाइम किती लागते?"

कुणी हसलं नाही. वहिनींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "जाऊन पाहा नं मंग."

* * *

तुम्हाला वाटेल, त्या दोघांचं घरी बोलणं बंद झालं असेल. छे! वहिनी त्यांना पहिल्यापासून 'रेखाचे बाबा' म्हणूनच हाक मारतात. आमच्याकडे बायका नवऱ्याला लेकराच्या नावानंच हाक मारायच्या. लग्नाचं कळलं त्या दिवसापासून योहानभाऊंनी त्या हाकेला ओ देणं सोडलं. वहिनींनी हाक बदलली नाही. कडुलिंबाखाली दर रविवारी हाच खेळ. "रेखाचे बाबा, चहा घ्या." ते झाडाकडे बघणार. वहिनी कप कट्ट्यावर ठेवून निघून जाणार. त्या चार पावलं गेल्या की हे कप उचलणार.

गयाबाईंनी एकदा त्यांना सुनावलंच, की चहा तिच्याच हातचा पिता, मग ओ द्यायला काय जातं? योहानभाऊ म्हणाले, चहाचा प्रश्न वेगळा आहे. तलाठी माणूस, प्रत्येक प्रश्नाची फाईल वेगळी!

* * *

गयाबाईंचं निघालंच आहे तर पापनिवेदनाचा किस्सा सांगते. त्यांनीच कडुलिंबाखाली सगळ्यांना सांगितला, म्हणून माझ्या तोंडी शोभतो. नाहीतर फादर मेले तरी सांगायचे नाहीत.

उपवासकाळात आम्ही सगळे फादरकडे जाऊन आपली पापं सांगतो. गयाबाई गेल्या आणि त्यांनी सुरुवात केली. सून उशिरा उठते. सून मोबाइल बघत भाजी करते, मग भाजी लागते. सून तिच्या माहेरी फोनवर माझ्याबद्दल बोलते. फादरनी बराच वेळ ऐकलं आणि हळूच म्हणाले, आजी, ही सुनेची पापं झाली. तुमची सांगा.

"तेच सांगून राह्यली नं बाप्पा. हे सारं पाहून मले जो राग येते, ते माहं पाप."

फादरनी क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून सांगितलं, की सुनेसाठी रोज एकदा नमो मरियाची प्रार्थना म्हणा. गयाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "फादर, पापं तिची अन् जप मी करू?"

तरी म्हणतात बरं का, रोज म्हणतात. सुनेनंच मला सांगितलं. सासू मोठमोठ्यानं नाव घेऊन प्रार्थना करते म्हणून ती आता जरा लवकर उठते.

* * *

मग तो उधळ्या मुलाचा रविवार आला. दाखला सगळ्यांना पाठ. धाकटा मुलगा बापाकडे आपला हिस्सा मागतो, दूर जाऊन उधळतो, उपाशी मरायला लागतो, मग परत येतो, आणि बाप त्याला गळ्याशी धरतो. आम्ही सगळ्यांनी ठरवून ठेवलं होतं, आज बोलायचं. मी तर आदल्या दिवसापासून मनात जुळवाजुळव करत होते. फादरच्याही डोळ्यांत दिसत होतं, आज योहानभाऊंवर निशाणा आहे.

पण योहानभाऊच पहिले उठले. म्हणाले, बाप हयात असताना मुलानं हिस्सा मागितलाच कसा? बाप जिवंत आहे तोवर वारसहक्क लागत नाही. हे प्रकरण मुळातच गैरकायदेशीर आहे.

मी म्हटलं, भाऊ, कायदा राहू द्या. लेकरू परत आलं की नाही?

"आलं नं. स्वतःच्या पायानं आलं. आधी चुकलो म्हनलं, मंग घरात घेतलं. बाप नव्हता गेला बलवायले." आणि बसले.

 एवढं स्पष्ट त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे तिनं यावं, पाया पडावं, माफी मागावी, मग बघू. इकडे रेखाचं म्हणणं मला माहीत होतं. मी चूक केलीच नाही तर माफी कसली, बाबांनी एक हाक मारावी, मी धावत येते. दोन्हीकडे तोच आवाज आणि तीच मान. मला तर दोघांनाही एकेक सुई टोचावीशी वाटत होती.

तेव्हा गयाबाई बोलल्या. "पन त्यात लिवलं हाय नं, बापानं लांबूनच पाह्यलं अन् पयत सुटला. पोरगं तोंड उघडायच्या आधीच. त्या वयात मानूस पयते म्हनजे रोजच वाट पाहत असन, नाही तं दिसते काय लांबून?"

 त्या दिवशी योहानभाऊंचा कट्ट्यावरचा चहा तसाच राहिला.

* * *

नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या मिस्सात येशूची वंशावळ वाचतात. नुसती नावं. अब्राहामापासून योसेफापर्यंत, अमक्याचा मुलगा तमका. लोक जांभया देतात, पोरं बाकाखाली खेळतात. एकटे योहानभाऊ ताठ बसून ऐकतात. वारसनोंद ऐकावी तशी. एका वर्षी फादर घाईत दोन नावं चुकवून पुढे गेले, तर हे भर मिस्सात उभे राहिले. मधले दोन वारस गाळले, म्हणाले, ही नोंद मंजूर होणार नाही! फादरनी निमूटपणे मागे जाऊन पुन्हा वाचलं.

मागच्या नाताळला फादरनी वंशावळ वाचली आणि सवयीनं विचारलं, काय वाटलं? नावांवर कोण काय बोलणार? आणि मार्थावहिनी उभ्या राहिल्या. जाऊन पाहा नं मंग, एवढं सोडलं तर मी त्यांना चर्चमध्ये प्रार्थनेपलीकडे बोललेलं ऐकलं नव्हतं. पदर सारखा केला. 

"फादर, एवढ्या मानसांत ते एक बाई हाय नं, रूथ. ते कोन्या समाजाची होती?"

फादरनी वहिनींकडे बघितलं, मग योहानभाऊंकडे. म्हणाले, रूथ मवाब देशाची. परकी. त्या लोकांच्यात आणि यहुद्यांच्यात सोयरीक होत नव्हती.

"तरी तिचं नाव ठेवलं?"

"ठेवलं," फादर म्हणाले. "तिच्याच वंशात पुढे दावीद राजा. आणि त्याच वंशात येशू."

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि बसल्या. बाकावर शेजारी योहानभाऊ होते. ते चष्मा पुसत होते. फादरनी श्रद्धेची प्रार्थना सुरू केली, सगळे उभे राहिले, हे बसून चष्माच पुसत होते. 

घरी जाताना वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांनी रेखाला फोन करायचं ठरवलं होतं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, ये म्हणून. त्या दिवशी गर्दी असते, लहान पोरांना हातात झावळी धरून मिरवायचं असतं. नात एकदा डोळाभर बघायची होती त्यांना. मागच्या बाकावर बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, मिस्सा संपायच्या आधी निघून जायचं. इतकंच मागणं होतं त्यांचं.

* * *

झावळ्यांच्या रविवारी आमच्याकडे येशूच्या दुःखसहनाचं लांबलचक वाचन असतं, आणि ते नाटकासारखं वाटून वाचतात. फादर येशूचं वाचतात. निवेदन माझ्याकडे, कारण लसीकरणाच्या वेळी गावभर हाका मारून माझा घसा तयार झालाय. बाकी पेत्र, शिक्षा सुनावणारा सुभेदार पिलात, दासी, येशूला पकडून देणारा यहूदा वाटून देतात. यहूदा कुणालाच नको असतो, त्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. जमावाचं सगळ्यांनी मिळून म्हणायचं.

आदल्या दिवशी तालीम होती. जमावाला ओरडायचं होतं, "त्याला क्रुसावर खिळा!" आमचा जमाव इतक्या अदबीनं ओरडला, की पिलातानं चहा मागवला असता. फादर म्हणाले, जोरात! पुन्हा तेच. मग लक्षात आलं, गयाबाईंचं तोंड बंदच होतं. फादरनी विचारलं, आजी, तुम्ही काऊन नाही म्हणत? फादरसुद्धा आता 'का' म्हणायचं तिथं काऊन म्हणतात.

"म्या नाही म्हनत. त्यानं माहं काय वाईट केलं?"

 फादर म्हणाले, बरं, तुम्ही नका म्हणू.

पेत्र दरवर्षी वाचणारे गृहस्थ त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलाकडे गेले होते. फादरनी सहज म्हणून पेत्र योहानभाऊंना दिला. आवाज चांगला, वाचन स्वच्छ. फादरच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, नंतर शपथेवर सांगत होते.

तुम्हाला पेत्राचं माहीत असेल. तो येशूचा जवळचा शिष्य. येशूला धरून नेल्यावर तो अंगणात शेकोटीपाशी उभा असतो. तिथली एक दासी विचारते, तू त्याच्याबरोबरचा ना? तो म्हणतो, नाही. असं तीनदा होतं. तिसऱ्यांदा तर तो शपथ घेऊन म्हणतो, "मी त्या माणसाला ओळखत नाही." आणि येशूनं आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे कोंबडा आरवतो.

योहानभाऊंनी तालमीत तिन्ही वेळा असं खणखणीत वाचलं, की फादर "वा!" म्हणाले.

गयाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "सवय हाय नं."

 बाहेर आल्यावर मार्थावहिनींनी माझा हात घट्ट धरला. "सिस्टर, उद्या रेखा येऊन राह्यली. पोरीनं येऊन हेच ऐकायचं काय, बापाच्या तोंडून, माइकवर?"

पेत्र बदला म्हणून योहानभाऊंना सांगावं, तर का म्हणून विचारतील. रेखा येणार हे सांगावं, तर चर्चलाच यायचे नाहीत. मी तिथूनच रेखाला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, बाई, पुढच्या रविवारी ये, ईस्टरला ये, उद्या नको.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सिस्टर, बाबा मला ओळखत नाही म्हणतात हे आख्ख्या तालुक्यानं येऊन सांगितलंय मला. त्यांच्याच तोंडून एकदा ऐकते. म्हणजे वाट बघणं तरी संपेल."

मी फोन ठेवला आणि वहिनींना म्हटलं, येतेय. दुसरं काही सांगितलं नाही.

* * *

सकाळी सगळे कंपाऊंडाच्या फाटकाशी जमले. आमच्याकडे नारळाची झाडं कुठली, नाल्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या आणतो. त्या घेऊन गाणी म्हणत आत आलो. योहानभाऊ सगळ्यात पुढे, नवा सदरा. रेखा मिरवणुकीत नव्हती. मला वाटलं, सुटलो. आली नाही.

वाचन सुरू झालं. मी निवेदनाच्या माइकवर, पलीकडच्या माइकवर योहानभाऊ, मध्ये फादर. शेवटचं भोजन झालं, बागेतली प्रार्थना झाली, येशूला धरून नेलं. तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. रेखा आत आली. कडेवर मुलगी, मुलीच्या हातात कुणीतरी बाहेर दिलेला झावळीचा तुकडा. ती शेवटच्या बाकावर टोकाला बसली. पिशवी खांद्यावरून काढलीसुद्धा नाही.

मी वाचत होते, पण डोळे योहानभाऊंवर. त्यांनी बघितलं. चष्मा काढला, परत घातला, पुन्हा बघितलं. मग पुस्तकात मान घातली.

दासी म्हणाली, तूही त्याच्याबरोबर होतास. योहानभाऊंनी वाचलं, तू काय बोलतेस मला कळत नाही. आवाज ठीक होता. दुसरी म्हणाली, हा त्याच्यातलाच. त्यांनी वाचलं, मी त्या माणसाला ओळखत नाही. हे वाक्य माइकवर असूनही पुढच्या तीन बाकांनाच ऐकू गेलं असेल. मार्थावहिनींनी डोळे मिटून घेतले होते. रेखा ताठ बसली होती, बाप बसतो तशी, आणि सरळ त्यांच्याकडे बघत होती.

मग जमावाचं वाक्य. सगळ्यांनी मिळून म्हटलं, खरोखर तू त्यांच्यातलाच आहेस, तुझ्या बोलण्यावरूनच कळतं. आणि थांबलो. पुढचं पेत्राचं.

पेत्र बोलेना.

फादरनी मान वळवली. पोरं बाकाखालून वर आली. योहानभाऊंचं बोट त्या ओळीवर होतं, ओठ हलत होते.  शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं.

"ओळखतो," ते म्हणाले. आवाज पत्र्याला जाऊन धडकला. "काऊन नाही ओळखत? माही पोरगी हाय ते."

आणि माइक सोडून वेदीच्या पायऱ्या उतरले. गुडघे दुखतात त्यांचे, भिंतीचा आधार घेऊन चालतात एरवी. मधल्या वाटेनं, आधाराशिवाय, शेवटच्या बाकाकडे निघाले. रेखा उभी राहिली. गयाबाईंनी आपले पाय वाटेतून आत ओढून घेतले.

फादर माझ्याकडे बघत होते. पुढची ओळ माझी होती. 'आणि लगेच कोंबडा आरवला.'

मी पान उलटलं आणि पिलातापासून पुढे वाचायला लागले.